जुन्या पेट्रोल ट्रकला फ्युएल पंप: कोणता घ्यायचा, कुठे बसवायचा

पंप घेताना बरेच जण सगळ्यात ताकदवान कुठला तेच विचारतात आणि तिथेच चुकतं. कार्बोरेटरला साधारण 4 ते 7 पीएसआय प्रेशर पुरतं, इंजेक्शनला 40 ते 60 च्या आसपास लागतं, त्यामुळे इंजेक्शनवाला पंप कार्बोरेटरला जोडला की फ्लोटची नीडल (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) दाबाला टिकत नाही आणि पेट्रोल ओसंडून थेट गरम इंजिनवर. आपल्या कार्बोरेटरचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, पंप त्याहून जोरदार असेल तर दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा.

माझं मत विचाराल तर इंजिनच्या कॅमवर चालणारा मूळ मेकॅनिकल पंप धड असेल तर तोच ठेवा, इंजिन थांबलं की तोही थांबतो. फक्त डिपस्टिक काढून वास घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटलेला असू शकतो, तसं निघालं तर पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

इलेक्ट्रिकच लावायचा असेल तर सगळा खेळ जागेचा आहे. हे पंप ढकलायला चांगले, खेचायला कच्चे, म्हणून इंजिनपाशी नाही तर टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या लेव्हलला किंवा जरा खाली, चॅसीच्या आतल्या बाजूला जिथे दगड लागणार नाहीत तिथे रबरी बुश घालून बसवा. सायलेन्सरच्या पाइपापासून लांबच ठेवा, नाहीतर लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता घरघरत राहतो. जुन्या टाकीत गंज असतोच, त्यामुळे पंपाआधी मोठ्या जाळीचा फिल्टर हवाच, बारीक फिल्टर मात्र पंपानंतर, कारण आधी लावला तर पंपाला खेचायला जड जातं.

वायरिंगला रिले (पंपाचा करंट चावीवरून न नेता वेगळा जोडणारा स्विच), टाकीकडच्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज, आणि अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. ऑइल प्रेशर स्विच कृपा करून टाळू नका, इंजिनात ऑइलचं प्रेशर नसलं की तो पंपाचा सप्लाय तोडतो, त्यामुळे अपघातात इंजिन बंद पडलं आणि चावी चालूच राहिली तरी पंप पेट्रोल फेकत बसत नाही, फक्त स्टार्टर मारताना ऑइलचं प्रेशर नसतं म्हणून तेवढ्यापुरता पंपाला सप्लाय स्टार्टरच्या वायरीवरून द्या.

काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली हवी. मेकॅनिकल पंप काढलात तर तिथलं भोक प्लेट आणि गॅस्केटने बंद करा. होज इथेनॉल चालणारेच घ्या. इंजिन चालू झालं की फ्युएल प्रेशर गेजवर पेट्रोलचं प्रेशर बघा, प्रत्येक जॉइंटवर कोरडा टिश्यू फिरवा, आणि एक चक्कर मारून आल्यावर क्लिपा परत आवळा.