ओल्या कचऱ्याचे घरी खत करताना या चुका टाळा

मुंबईत हौसेने घरी खत करू लागलेल्या अनेकांचा डबा पहिल्याच पावसाळ्यात बंद पडतो. आधी वास येऊ लागतो, मग अळ्या दिसतात, शेजारी कुरकुर करतात आणि शेवटी डबा धुऊन माळ्यावर टाकला जातो. अशा वेळी आपल्याला हे जमत नाही, असा समज करून घेणे चुकीचे आहे. बहुतेक डबे फसतात ते आत साचलेल्या पाण्यामुळे, आणि हा दोष एक-दोन आठवड्यांत दुरुस्त करता येतो.

हा खटाटोप करायचा कशासाठी, हेही आधी स्पष्ट असावे. देवनारच्या डम्पिंग ग्राऊंडवर १९२७ पासून शहराचा कचरा पडतो आहे. ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नसल्यामुळे तिथे ओला कचरा कुजताना मिथेन तयार होतो, आणि हा वायू सहज पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. त्याची सर्वाधिक झळ गोवंडी, मानखुर्द आणि चेंबूरच्या लोकांना सोसावी लागली. आपल्या स्वयंपाकघरातले देठ, साली आणि उरलेला भात त्या ढिगापर्यंत जाऊ न देणे, हे आपल्या हातात असलेले अगदी थेट काम आहे.

पाणी: सर्वांत मोठी आणि सर्वांत सामान्य चूक

भाज्यांच्या आणि फळांच्या टाकाऊ भागात बहुतांश पाणीच असते. कलिंगडाची साल, काकडीचे काप, दुधीचा गर हे सगळे तसेच डब्यात गेले, की दोन दिवसांत तळाशी रबडी साचते, हवेच्या वाटा बुजतात आणि हवेत जगणाऱ्या जिवाणूंच्या जागी हवेविना कुजवणारे जिवाणू बळावतात. कोरड्या हवेच्या गावात यातले बरेच पाणी आपोआप उडून जाते. मुंबईत मात्र जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते, की ते डब्यातच राहते. म्हणून दुसरीकडच्या लोकांनी दिलेले प्रमाण इथे जसेच्या तसे चालत नाही. ओला कचरा रात्रभर जाळीच्या भांड्यात निथळत ठेवावा, मोठे तुकडे बारीक चिरावेत आणि एक वाटी ओल्या कचऱ्याला निदान एक वाटी, तर पावसाळ्यात दोन वाट्या सुका माल, म्हणजे वाळलेला पाचोळा किंवा फाडलेला पुठ्ठा, घालावा.

ओल योग्य आहे की नाही, हे मुठीवरून कळते. डब्याच्या मधल्या थरातले मूठभर मिश्रण घेऊन घट्ट दाबावे. बोटांच्या फटींतून एखाद-दुसरा थेंब आला, तर ओल बरोबर आहे. धार लागली, तर सुका माल वाढवून सगळे तळापासून वरखाली करावे. आणि मूठ उघडताच मिश्रण भुरभुर सुटले, तर थोडे पाणी शिंपडावे.

हा सुका माल कुठून आणायचा, या प्रश्नावर बरेच जण अडतात, आणि इथेच आणखी एक चूक होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या आवारात पर्जन्यवृक्ष, पिंपळ आणि बदामाची पाने ढिगाने पडतात, ती आपण झाडून कचऱ्याच्या गाडीत देतो किंवा कोपऱ्यात पेटवून देतो, आणि जुलैत खत ओले झाले म्हणून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विकत आणतो. तोच पालापाचोळा उन्हात वाळवून गोणपाटात भरून जिन्याखाली ठेवला, तर अख्खा पावसाळा निभावतो. पाचोळा नसेल तेव्हा बारीक फाडलेला खोक्याचा पुठ्ठा, नारळाची पिंजलेली शेंडी किंवा सुताराकडचा साध्या लाकडाचा भुसा चालतो. प्लायवूडचा भुसा घेऊ नये, कारण त्यात रासायनिक डिंक असतो. कोकोपीटची वीट वापरायचीच असेल, तर ती कुंडीसाठी भिजवतात तशी भिजवू नये, कोरडीच फोडून घालावी.

वास आणि अळ्या

वास आला की झाकण घट्ट लावणे ही स्वाभाविक, पण उलटी कृती आहे, कारण डब्याला तेव्हा हवाच हवी असते. नाकात जाणारा तिखट वास आला, तर ओला कचरा जास्त झाला आहे, पाचोळा वाढवावा. कुजक्या अंड्यासारखा वास असेल, तर आत हवा नाही, मिश्रण ढवळून मोकळे करावे. प्रत्येक अडचणीवर विकतच्या कल्चरचा (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाचा) किंवा ताक-गुळाच्या पाण्याचा मारा करणेही टाळावे. त्यामुळे ओल्यात आणखी ओल वाढते. सुरुवातीला जुन्या तयार खताची एक ओंजळ पुरते.

अळ्या दिसल्यावर बरेच जण फिनेल किंवा मुंग्यांची पावडर टाकतात, आणि तिथे खताचा शेवट होतो, कारण त्या औषधाने उपयोगी जीवही मरतात. मळकट रंगाच्या जाड अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात. त्या नको असतील, तर प्रत्येक वेळी ओल्या कचऱ्यावर पाचोळ्याचा दोन बोटे जाड थर द्यावा आणि तोंडाला सुती कापड बांधावे. आंब्याच्या दिवसांत चिलटांवरही हाच उपाय लागू पडतो.

डब्यात काय जाऊ नये

मासळीचे खवले आणि डोकी बाल्कनीतल्या लहान डब्यात घालू नयेत. सोसायटीचा मोठा खड्डा असेल, तर तिथे खोलवर पुरता येतात. हाडे, करवंट्या आणि आंब्याच्या कोयी कुजायला फार काळ घेतात, त्या वेगळ्या काढाव्यात. निर्माल्य चालते, परंतु हारातला दोरा, जरी आणि प्लास्टिकची फुले आधी काढावी लागतात. ‘कंपोस्टेबल’ असे छापलेल्या पिशव्यांना मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते, घरच्या डब्यात त्या महिनोन्‌महिने तशाच राहतात. खत चाळताना सर्वाधिक काय सापडते, तर दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे आणि सफरचंदावरचे स्टिकर. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, लोंबता ठेवावा, म्हणजे धुतलेली पिशवी रद्दीवाल्याकडे अखंड जाते.

सोसायटीच्या पातळीवर

दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या किंवा २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करावी, असे महापालिकेने २०१७ मध्ये सांगितले, तेव्हा अनेक सोसायट्यांनी चोवीस तासांत खत देणारी यंत्रे घेतली. यातली बरीच यंत्रे कचरा तापवून, वाळवून दळतात. बाहेर पडतो तो भुगा कोरडा असतो, पण कुजलेला नसतो. तो झाडांना घालून पाणी दिले, की पुन्हा कुजू लागतो आणि वास सुटतो. यंत्र घेतलेच असेल, तर भुगा पाचोळ्यात मिसळून काही आठवडे मुरू द्यावा. नव्याने विचार करणाऱ्या सोसायटीने हवेशीर विटांचे हौद बांधावेत, असे माझे ठाम मत आहे. त्यांना वीज लागत नाही आणि ते बिघडत नाहीत.

घराघरांत वेगळा केलेला कचरा खाली एकाच ड्रममध्ये ओतला जात असेल, तर दोष सफाई कामगारांना देण्याआधी त्यांना पुरेसे वेगळे ड्रम आणि हातमोजे दिले आहेत का, हे कमिटीने पाहावे. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्यावेत, कारण कोणाला तरी ते हाताने निवडावे लागतात.

खत तयार होण्याआधी वापरणे

वरून काळे दिसले म्हणजे खत झाले, असे नाही. अर्धवट खत कुंडीत घातले, तर ते कुजण्यासाठी मातीतलाच नायट्रोजन ओढून घेते आणि रोप पिवळे पडते. दोन-तीन महिन्यांनी मूठभर खत पिशवीत तीन दिवस बंद करून ठेवावे आणि उघडून हुंगावे. पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला, तर त्यात थोडी माती मिसळून मेथीचे दाणे पेरावेत. आठवड्याभरात बहुतेक दाणे उगवले, तर तीन भाग मातीला एक भाग या प्रमाणात ते कुंड्यांना द्यावे. दाणे सडले, तर सगळे परत डब्यात घालून आणखी तीन आठवडे थांबावे.