कोळशाची बुखारी आणि ब्लोअर: या चुका टाळा

दिवाळी आटोपली आणि पहाटेचं धुकं उतरायला लागलं की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून मला एकच प्रश्न येतो: बुखारीला, म्हणजे खोली तापवणाऱ्या धुराड्याच्या बंद शेगडीला, गरम हवा खोलीत फिरवणारा ब्लोअर लावावा, की ती नुसतीच तापू द्यावी? विचारणाऱ्याने बहुतेक वेळा ब्लोअर आधीच विकत घेतलेला असतो. त्याला माझं मत नको असतं, होकार हवा असतो. तो मी सहसा देत नाही, म्हणून नातेवाइकांत माझी ख्याती जरा वाईट आहे.

ग्वाल्हेर म्हणजे काही श्रीनगर नव्हे. तरी जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली जातो, आणि दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही. आपली जुनी घरं बांधली गेली ती पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यासाठी. जाड दगडी भिंती, वर दगडी पटियांचं उंच छत. मे महिन्यात हे वरदान असतं. पौषात तेच घर बर्फाच्या कोठारासारखं होतं.

पहिली चूक: ब्लोअर ऊब तयार करतो असं समजणं

बुखारी दोन वाटांनी ऊब देते. तापलेल्या पत्र्यातून उष्णता थेट निघते आणि समोरच्या माणसावर, खुर्चीवर, भिंतीवर जाऊन पडते. मधली हवा गरम आहे की गार, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. दुसरी वाट म्हणजे पत्र्याला लागून तापलेली हवा वर चढते आणि खोलीत फिरते. ब्लोअरचा संबंध फक्त या दुसऱ्या वाटेशी आहे. विस्तवातून जेवढी उष्णता निघाली, त्यातलीच थोडी जास्त तो हवेत ढकलतो. पत्र्यावरून हवा खेळली की पत्रा गार होतो, आणि पत्रा थोडासाही गार झाला तरी थेट येणारी ऊब बरीच घटते, कारण ती तापमानाच्या चौथ्या घाताने बदलते. म्हणजे ब्लोअर पूर्ण वेगात सोडलात की बुखारीसमोर बसलेल्या आजोबांची ऊब काढून तुम्ही ती छताकडे पाठवता. चौदा फुटांवर पटियांना मस्त वाटत असेल.

दगडी घरात आणखी एक गंमत आहे. ब्लोअरने हवा अर्ध्या तासात गरम होते, थर्मामीटर वीस दाखवतो, आणि तरीही माणूस कुडकुडतो, कारण भिंती अजून दहा-बारा अंशांवर असतात आणि आपलं अंग सतत त्यांच्याकडे उष्णता टाकत असतं. लोकांना वाटतं बुखारी लहान पडली. लहान काही पडलेली नसते. भिंती तापायला वेळ लागतो, आणि तो दिल्याशिवाय सुटका नाही. दुपारी चारला मंद विस्तव लावा, रात्री आठला भिंतीला हात लावून बघा. संध्याकाळी सातला बुखारी पेटवून सव्वासातला ऊब मागणाऱ्यांनी रजई घ्यावी, स्वस्त पडते.

म्हणून जुन्या दगडी घरात, जिथे घरचे एकाच खोलीत बसतात, तिथे मी ब्लोअर लावू देत नाही. खुर्च्या बुखारीच्या तोंडासमोर, चार-पाच फुटांवर, मधे टीपॉय किंवा कपड्यांचा स्टँड नाही. तिच्यापासून दुप्पट लांब गेलात तर ऊब साधारण चौथाईवर येते, हे लक्षात ठेवून जागा ठरवा. धुराड्याचा पाइप खोलीतून जितका उभा दिसेल तितका चांगला, तोही ऊब देतो.

नव्या कॉलनीतल्या बंगल्यात मामला उलटा. दहा फुटांचा स्लॅब, पातळ विटांच्या भिंती, बैठकीला लागून दोन खोल्या. तिथे नुसत्या बुखारीने बैठकीत घाम आणि शेजारच्या खोलीत थंडी. तिथे ब्लोअर जरूर लावा. पण बुखारीला मागून दुहेरी पत्रा असेल आणि हवा त्या पोकळीतून जात असेल, तरच त्याचा उपयोग. बुखारीच्या मागे टेबल फॅन ठेवणं म्हणजे ब्लोअर नव्हे. टेबल फॅन वापरायचाच असेल तर गार खोलीत जमिनीवर ठेवा आणि बुखारीच्या खोलीकडे तोंड करा. गार हवा खालून तिकडे जाते, गरम हवा दाराच्या वरच्या भागातून आपसूक इकडे येते. लोक हसतात, मग करून बघतात.

दुसरी चूक: हलवायाचा ब्लोअर घरात आणणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण दरवर्षी कुणीतरी हे करतंच.

लोहिया बाजारात ब्लोअर मागितलात तर दुकानदार तुमच्या हातात हलवायाच्या भट्टीचा ब्लोअर ठेवेल. लोखंडी, गोगलगायीसारखा गोल. त्याची चूक नाही, त्याच्याकडे तेच खपतं. पण तो जाळीच्या खालून विस्तवात हवा फुंकण्यासाठी असतो. खोलीत गरम हवा फिरवणारा ब्लोअर विस्तवाला शिवतसुद्धा नाही. पहिल्याने कोळसा भडकतो, दुसऱ्याने फक्त खोलीतली हवा हलते.

आमच्या परिचयातल्या एका घरी, जुन्या वाड्यात, माजघरात चांगली चालणारी बुखारी होती. मुलाला ती 'मंद' वाटली. त्याने राखेच्या दाराला भोक पाडून भट्टीचा ब्लोअर बसवला, वेल्डरला बोलावून, अगदी नीट. मला बोलावणं आलं तेव्हा संध्याकाळ होती. आत पाऊल टाकलं तर बुखारी घरघरत होती, जाळीवरचा कोळसा पांढराफटक जळत होता आणि पाइप पहिल्या कोपरापर्यंत लाल झाला होता. त्या कोपरापासून वीतभर अंतरावर सागवानी तुळई. आणि सगळ्यांत कमाल म्हणजे खोली थंड! सगळी उष्णता इतक्या जोरात धुराड्यातून वर निघून जात होती की पत्र्याला ती घ्यायला सवडच नव्हती. आजी कोपऱ्यात शाल गुंडाळून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, मला ऊब हवी होती, याने घरात गिरणी आणून ठेवली."

ब्लोअर बंद केला आणि विस्तव निवेपर्यंत कुणाला उठू दिलं नाही. सकाळी दार उघडलं तर जाळीचे मधले तीन गज वाकून खाली आलेले, आणि त्यांवर राखेचा खंगर इतका घट्ट बसलेला की छिन्नी-हातोडी घ्यावी लागली. आपल्या दगडी कोळशात राख पुष्कळ असते, तीस-चाळीस टक्के सहज. जास्त तापली की ती वितळते, जाळीची भोकं बुजवते, मग हवा अडते, मग माणूस ब्लोअर आणखी वाढवतो. परदेशी व्हिडिओंत दिसणारा अँथ्रासाइट वेगळा. त्यात धूर नाही, राख कमी, तास न् तास एकसारखी आच. तो कोळसा आपल्या बाजारात नसतो, त्यामुळे त्यासाठी सांगितलेल्या युक्त्याही आपल्या नव्हेत.

तिथे नवी जाळी, आत अग्निविटांचं अस्तर, राखेच्या दाराचं भोक बुजवलं, आणि आजींची खुर्ची कोपऱ्यातून उचलून बुखारीसमोर आणली. निम्मं काम त्या खुर्चीनेच केलं.

तिसरी: धुराड्याशी खेळणं

इथे मी थट्टा करत नाही. कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं थकवा आहे. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबाची बातमी उत्तरेकडे दर हिवाळ्यात छापून येते. लाकडी कोळशाला धूर नसतो म्हणून तो 'सुरक्षित' मानणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. तो मुळीच सुरक्षित नाही.

धुराडं नसेल तर ब्लोअर की थेट ऊब, हा प्रश्नच उद्भवत नाही. उघडी शेगडी अंगणात. फ्लॅटमध्ये कोळसा नको, विजेचा हीटर घ्या.

धुराडं असेल तर रात्री 'कोळसा पुरावा' म्हणून त्याची झडप पूर्ण बंद करू नका. आच कमी करायची असेल तर खालची हवा कमी करा, वरची वाट मोकळी ठेवा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू असताना बुखारीचा धूर उलटा खोलीत येतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. दारं-खिडक्या बंद आणि पंखा हवा बाहेर फेकतोय, तर ती जागा भरायला हवा धुराड्यातूनच आत येणार. एक खिडकी बोटभर उघडी हवीच. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीत, पलंगाच्या उंचीवर लावा. ब्लोअरच्या पैशांत तो येतो, आणि दोन्हींतून एकच परवडत असेल तर कुठला घ्यायचा हे सांगायला लागू नये.

बाकीच्या, थोडक्यात

मनालीहून आणलेल्या पातळ पत्र्याच्या तंदूरमध्ये (तिकडे खोली तापवायच्या शेगडीला तंदूर म्हणतात) दगडी कोळसा घालू नका. तो लाकडासाठी असतो. कोळशाला खालून हवा लागते, जाळी लागते, जाड पत्रा लागतो.

नवा कोळसा टाकताना सगळा विस्तव झाकू नका. एका कोपऱ्यात लाल निखारे उघडे ठेवा, म्हणजे निघणारा वायू तिथेच पेटत राहतो. सगळं झाकलंत आणि मग दार एकदम उघडलंत तर 'भप्' होऊन भुवया जातात.

ब्लोअर विस्तव पेटल्याबरोबर सुरू करू नका. पत्रा चांगला तापू द्या, मग सर्वांत कमी वेगावर लावा आणि तिथेच राहू द्या. वीज गेली की खालची हवा लगेच कमी करा. इन्व्हर्टरवर जोडलात तर उत्तम, त्याला फार वीज लागत नाही.

राख झाकण असलेल्या पत्र्याच्या बादलीत, बाल्कनीत. प्लास्टिकच्या घमेल्यात नाही. दुसऱ्या दिवशीही तिच्यात निखारा असू शकतो.

आणि होळी झाली की बुखारी विसरू नका. पाइप उतरवा, आतली काजळी-राख झाडा, तोंडाला कापड बांधा. पावसाळ्यात ती राख ओल धरते आणि पाइप आतून खाते. वरून रंग शाबूत दिसतो, नोव्हेंबरात बोट लावलं की भोक. ब्लोअर असेल तर त्याची पाती त्याच दिवशी ब्रशने साफ करा आणि मोटरला दोन थेंब तेल द्या.