स्पोर्ट्स बाईकचे पुढचे ब्रेक पॅड: गोव्यातल्या पावसाला आणि खाऱ्या हवेला कोणते चालतात

रिझर्व्हॉयरच्या काचेत ब्रेक ऑईल खालच्या रेषेकडे सरकलं की बरेच जण बाटली उघडून वर भर टाकतात. आधी पॅड बघा. पॅड झिजतात तसे त्यांना डिस्कवर दाबणारे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्यामागची जागा ऑईल व्यापतं. गळती नसेल तर पातळी उतरणं ही पॅड संपत आल्याची खूण. वर ऑईल घातलेलं असेल तर नवे पॅड बसवताना तेच उसळून टाकीवर सांडतं, आणि डॉट ४ (नेहमीचं ब्रेक ऑईल) रंग खातं. मटेरियल २ मिमीवर आलं की नवे पॅड मागवा. बहुतेक उत्पादकांची शेवटची मर्यादा १ मिमीच्या आसपास असते, पण तिथवर ताणण्यात काही कमाई नाही.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. ऑर्गॅनिक पॅडमध्ये तंतू आणि भुकटी राळेने बांधलेली असते. ते हळुवार लागतात, डिस्क कमी खातात, पण लवकर झिजतात. सिंटर्ड पॅड म्हणजे तांब्यासारख्या धातूंची भुकटी दाबून, तापवून एकजीव केलेली. सेमी-सिंटर्ड या दोघांच्या मधले. सध्याच्या गाडीत कोणते आहेत हे कळत नसेल तर मल्टीमीटर बीपच्या (कंटिन्युइटी) मोडवर ठेवून जुन्या पॅडच्या घासणाऱ्या बाजूवर त्याची दोन्ही टोकं टेकवा. सिंटर्ड असेल तर सरळ बीप येतो. ऑर्गॅनिकवर बहुधा येत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: गोव्यात बारा महिने चालणाऱ्या गाडीला रस्त्यासाठी बनवलेले सिंटर्ड पॅड घ्या. कारण जून ते सप्टेंबर. ओल्या डिस्कवर ऑर्गॅनिक पॅड पहिला क्षणभर नुसता घसरतो आणि मग अचानक पकडतो. सिंटर्ड पॅड पाण्याचा थर लवकर कापतो. डिचोली-साखळीच्या बाजूची लाल धूळ पॅड आणि डिस्कच्या मध्ये गेली की ऑर्गॅनिकची झीजही वाढते. अपवाद जुन्या गाड्यांचा. डिस्क ओतीव लोखंडाची असेल, किंवा उत्पादकाने फक्त ऑर्गॅनिक सांगितलं असेल, तर सिंटर्ड पॅड ती डिस्क खाऊन टाकेल. आजच्या स्टेनलेस डिस्कला तो धोका सहसा नाही. पुढचा ब्रेक फारच झटक्यात पकडतो असं वाटत असेल, विशेषतः नवशिक्या चालकाला, तर सेमी-सिंटर्ड बघा.

बऱ्याच पॅडच्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरं असतात, उदाहरणार्थ एचएच किंवा जीएफ. पहिलं अक्षर पॅड थोडा गरम असतानाची पकड सांगतं, दुसरं खूप तापल्यावरची. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५, एच त्याहून वर. पण दोन एचएच पॅड सारखेच लागतील असं समजू नका; लिव्हर दाबताना जोर कसा वाढत जातो ते अक्षरांत येत नाही.

रेसचे पॅड मात्र रस्त्यावर नकोत. ते चांगले तापल्यावरच पूर्ण पकडतात. सकाळी घरातून निघून पणजीत पाटोच्या चौकात पहिला जोराचा ब्रेक लावाल तेव्हा ते थंड असतात, आणि नेमका तोच ब्रेक महत्त्वाचा. चोर्ला घाटासाठी म्हणून कुणी ते सुचवलं तरी उत्तर तेच.

मागवताना गाडीचं नाव पुरेसं नाही. त्याच मॉडेलमध्ये वर्षागणिक कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) बदलू शकतो. जुना पॅड काढून त्याची पाठ, पिनच्या भोकांची जागा आणि जाडी नव्याशी जुळवा. काही कॅलिपरमध्ये दोनऐवजी चार पॅड असतात, तेव्हा मोजून घ्या. दोन डिस्कच्या गाडीत दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, नाहीतर दोन्हींकडे वेगवेगळी पकड येते. पॅकिंगवर गोलात ई आणि ९०आर ही खूण असेल तर तो पॅड युरोपच्या नियमांप्रमाणे तपासलेला आहे. म्हापशाच्या बाजारातला असो की ऑनलाईन, फारच स्वस्त ‘ओरिजिनल’ दिसला तर छपाई आणि पाठीवरचे शिक्के नीट बघून घ्या.

बसवताना घाई नडते ती पिस्टनशी. त्यांच्या उघड्या भागावर लाल चिखल आणि काळी भुकटी साचलेली असते. ते तसेच मागे ढकलले तर घाण सीलमध्ये रुतते, पिस्टन अडकतो आणि एकच पॅड तिरका झिजतो. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन पिस्टन गोल फिरवत चकचकीत करा, मगच बोटांनी हळूहळू मागे ढकला. कॅलिपर सुटा असताना लिव्हर दाबू नका. मोरजी-हणजुण्यासारख्या किनाऱ्याच्या गावांत पॅडची पिन गंजून पॅड तिच्यावरच अडकतो, तेव्हा पिन बारीक पॉलिश पेपरने घासा, खड्डे पडले असतील तर बदला. उष्णता सोसणारं सिलिकोन ग्रीस पिनवर अगदी पातळ लावा. पॅडच्या मटेरियलला एक थेंबही नको.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर कडेच्या उंचवट्यावर टेकला तर माप जास्त दाखवतो, म्हणून मायक्रोमीटरने घासणाऱ्या भागावर चार-पाच ठिकाणी मोजा. पॅडचा प्रकार बदलत असाल तर डिस्कवरचा जुना थर बारीक पॉलिश पेपरने उतरवून ब्रेक क्लीनरने पुसा, नाहीतर नवा पॅड धड बसत नाही आणि चर्र आवाज करत राहतो. बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला घट्ट करा. गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरलात तर पहिल्या ब्रेकला हातात काहीच लागणार नाही.

मग नवा पॅड डिस्कशी घासून जुळवणं (बेडिंग). कोरड्या, रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावा, मधे गार होऊ द्या, ब्रेक धरून थांबू नका. पहिले २०० किलोमीटर घाटातले लांब उतार टाळा. नवा पॅड अति तापला तर त्याला चकाकी येते आणि पकड जाते.

यानंतरही घाट उतरताना ब्रेक कमी लागला तर लिव्हरकडे लक्ष द्या. लिव्हर कडक, पण गाडी थांबत नाही: पॅड तापले आहेत. लिव्हर मऊ होऊन आत जातो: ऑईल उकळलंय. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंतही उतरतो. आपल्या दमट हवेत दोन वर्षांनी ऑईल बदला. त्याला पॅड बदलून इलाज नाही.