सीटी स्कॅनवरून खुब्याच्या सांध्याचे त्रिमितीय प्रारूप

क्ष-किरणांच्या साध्या फिल्मवर हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडलेल्या असतात आणि खोलीचा अंदाज येत नाही. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण शरीराभोवती फिरवून शेकडो काप तयार केले जातात, म्हणून त्रिमितीय छपाईने सांध्याचे प्रारूप बनवायचे असेल तर तोच वापरावा.

स्कॅन सेंटरकडून डायकॉम फाइलीच (स्कॅनचे मूळ काप ज्या प्रमाणित स्वरूपात साठवतात त्या) मागाव्यात. काप एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत. पाच मिलिमीटरच्या कापांतून मांडीच्या हाडाचे गोल डोके पायऱ्यापायऱ्यांचे दिसते आणि मागाहून कितीही गुळगुळीत केले तरी गेलेला तपशील परत येत नाही. एकाच स्कॅनमधून कापांचे वेगवेगळे संच, म्हणजे मालिका, बनवता येतात. हाडांसाठी मुद्दाम ठळक केलेली मालिका पाहायला छान असली, तरी तिच्यातल्या गोंगाटामुळे (चित्रातल्या दाणेदारपणामुळे) पृष्ठभाग खरखरीत होतो, म्हणून मी शक्यतो मऊ ऊतींची मालिका घेतो.

या फाइली थ्रीडी स्लायसर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून सेगमेंट एडिटरमधील (हवा तो भाग रंगवून वेगळा करण्याच्या विभागातील) थ्रेशोल्ड, म्हणजे ठरावीक घनतेच्या वरचा भाग निवडणारे साधन, निवडावा. हाउन्सफील्ड मापनात (सीटीतील घनतेच्या मोजपट्टीवर) हवा उणे १००० आणि पाणी ० असते. हाडासाठी खालची मर्यादा २०० ते २५० ठेवून सुरुवात करावी. कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या ठळक दिसण्यासाठी टोचलेले द्रव्य) दिलेला असल्यास रक्तवाहिन्याही हाडांबरोबर रंगतात, त्या वेगळ्या पुसाव्या लागतात.

खरी कसोटी सांध्याच्या फटीत असते. वयस्कर रुग्णाची कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचे मऊ आवरण) झिजलेली असली की मांडीच्या हाडाचे डोके आणि ते जिथे बसते ती कटीच्या हाडातली वाटी ही दोन्ही हाडे एकाच गोळ्यात येतात. अशा वेळी मर्यादा वाढवण्याचा मोह होतो. पण त्याने फट मोकळी होते न होते तोच कटीच्या हाडाच्या पातळ पाख्याला भोके पडतात. म्हणून मर्यादा तशीच ठेवावी आणि आडवा, उभा व बाजूचा असे तिन्ही छेद समोर ठेवून फक्त फटीपुरता भाग इरेझरने कापावा. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला आडवाट नाही. मग आयलंड्स (सुटे तुकडे वेगळे करणारे साधन) वापरून दोन हाडे वेगळी करावीत आणि स्मूदिंग बेतानेच द्यावे, नाहीतर कापलेली फट पुन्हा बुजते.

तयार प्रारूप छपाईसाठी एसटीएल फाइलीत (त्रिमितीय पृष्ठभाग साठवणाऱ्या स्वरूपात) काढावे; तिच्यात मापाचे एकक नोंदलेले नसते. त्यामुळे छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये मिलिमीटर निवडून डोक्याचा व्यास मूळ कापावरील मापाशी ताडून पाहावा, डावी-उजवी बाजूही तपासावी. छापलेले डोके वाटीत थोडे सैल बसेल. कूर्चा या प्रारूपात आलेलीच नसते, म्हणून ती पोकळी भरू नये.