डोंगरावरची एक दिवसाची सहल: आखणी परतीपासून करा

मित्रांची सहल निघायला उशीर होतो, हे गृहीतच धरलेलं बरं. म्हणून वेळापत्रक उलटं लावा. उजेड असतानाच घाट उतरायचा, हे पहिलं ठरवायचं. सूर्यास्त सातचा आणि घाट दीड तासाचा असेल, तर वरून पाचला निघायचं. साडेपाच हिशेबात बसतात खरे, पण माणसं गोळा करण्यात अर्धा तास जातोच. वर रोपवेने जायचं असेल, तर शेवटची फेरी किती वाजता सुटते ते पोचल्या पोचल्या विचारून घ्या.

पाच जणांच्या गाडीत चौघंच बसा. मागे मधे बसलेल्याला धड टेकायलाही काही नसतं. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, नजर लांबच्या रस्त्यावर ठेवायला सांगा आणि मोबाइल बंद करायला लावा. पोट रिकामं नको, तुडुंबही नको. गोळी घ्यायची तर निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. या गोळ्यांनी झोप येते, चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. कानात दडे बसले तर आवंढा गिळा किंवा जांभई द्या. सर्दी झालेल्याला हा त्रास उतरताना जास्त होतो.

हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. खाली ४० असेल, तर दीड हजार मीटरवर ३० च्या आसपास. या गारव्यानेच फसगत होते, कारण अतिनील किरणं मात्र दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. ऊन भाजत नाही असं वाटतं आणि संध्याकाळी मान लालभडक झालेली असते. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा. कान आणि मानेची मागची बाजू हमखास राहून जाते. पाणी माणशी तीन लिटर ठेवा, पातळ विंडचीटर प्रत्येकाचा वेगळा.

पायी फिरायचं असेल तर सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरा आणि प्रत्येक ६०० मीटर चढासाठी एक तास वाढवा. गप्पा मारत, फोटो काढत जाणाऱ्या घोळक्यासाठी या आकड्याची दीडपट करा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा; मागे ठेवलात तर इतरांची विश्रांती संपते तेव्हा तो जेमतेम पोचतो.

उन्हाळ्यात वळवाचे ढग दुपारनंतर जमतात, त्यामुळे उंच टोकावरचं फिरणं सकाळीच उरका. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर कडा आणि एकटं झाड सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथून हलू नका.

चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सुरू करा. उकाड्याने जीव नकोसा होईल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडते. तरीही काटा उतरला नाही तर बाजूला थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, आतलं पाणी दाबाने उसळून अंगावर येतं.

खरी परीक्षा उतरताना. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल तर अजिबात नको. ब्रेकवर सतत पाय राहिला की ब्रेक तापतात, ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. त्याआधी जळका वास येतो. तो आला की सुरक्षित जागा बघून थांबा. इंजिन बंद करून गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगडाची उटी लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकू शकते. हा अर्धा तासही हिशेबात धरायचा, तर वरून पाचऐवजी साडेचारला निघा.