पेनिसिलीन भिंत पाडत नाही : या चुका टाळा

सूक्ष्मजीवशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य दरवर्षी हमखास भेटतं : ‘पेनिसिलीन जीवाणूची पेशीभित्तिका तोडते.’ इथं पाय घसरला की पुढचं काहीच नीट उमगत नाही, म्हणून आधी हेच दुरुस्त करू.

पेनिसिलीन उभ्या भिंतीला हात लावत नाही, ते बांधकाम अडवतं. भित्तिका पेप्टिडोग्लायकनची असते. त्यात साखरेच्या लांब साखळ्या असतात आणि अमिनो आम्लांचे आखूड दुवे त्यांना आडवं बांधतात. जोडणीपूर्वी प्रत्येक दुव्याच्या टोकाला दोन डी-अ‍ॅलानिन असतात. ट्रान्सपेप्टिडेज हे विकर (एन्झाइम) त्यातलं शेवटचं काढून दुवा शेजारच्या साखळीला जोडतं. पेनिसिलीनची ठेवण या टोकासारखीच असल्यामुळे विकर फसतं, त्याला धरतं आणि अडकून बसतं. इकडे वाढण्यासाठी जीवाणू स्वतःचीच भिंत जागोजाग उसवत असतो. उसवणं चालू आणि शिवणं बंद! स्टॅफिलोकॉकस या जीवाणूच्या आत वातावरणीय दाबाच्या सुमारे २० पट दाब असतो, म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळजवळ दहापट. अँपिसिलीन (पेनिसिलीनच्याच गटातलं औषध) दिलेला ई. कोलाय जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहा : दांड्याच्या मधोमध आधी एक फुगवटा येतो, मग पेशी फुटते.

बांधकामच चालू नसेल तर अडवणार काय? म्हणून निपचित पडलेल्या जीवाणूंवर हे औषध फारसं चालत नाही. गोळीच्या वेळांचं कारणही यातच आहे. ‘दुपारची राहिली, रात्री दोन घेतल्या’ ही घरोघरची चूक. या गटातल्या औषधांत एका वेळची मात्रा किती मोठी यापेक्षा रक्तातली पुरेशी पातळी किती तास टिकली, हे महत्त्वाचं असतं. राहिलेली गोळी आठवताच घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडा, पण दोन एकदम नकोत.

मेडिकलवर ‘पाचशेनं फरक नाही, सहाशे पंचवीस द्या’ असं सांगणारे बरेच असतात. त्यांना ६२५ म्हणजे जास्त जोरदार गोळी वाटते. तिच्यात अ‍ॅमॉक्सिसिलीन हे पेनिसिलीनच्याच गटातलं औषध तेवढंच, ५०० मिलिग्रॅम असतं; उरलेलं १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. काही जीवाणू बीटा-लॅक्टमेज हे विकर सोडून औषधाच्या रेणूतलं कडं फोडतात, त्या विकराला हे आम्ल गुंतवून ठेवतं. एमआरएसएनं (पेनिसिलीनच्या गटाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसनं) मात्र जोडणी करणारं विकरच बदललेलं असतं. तिथं ६२५ घेऊनही उपयोग नाही. कोणती गोळी घ्यायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

सर्दीच्या विषाणूला भित्तिका नसते, मायकोप्लाझ्मा या जीवाणूलाही नसते. तिथं पेनिसिलीन निरुपयोगी. पण ‘ग्रॅम-निगेटिव्हला भित्तिका नसते’ असं लिहू नका. ई. कोलायसारख्या या जीवाणूंना ती असते, फक्त पातळ आणि बाहेरच्या पटलाआड. व्हँकोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचा रेणू मोठा असल्यामुळे तो ते पटल ओलांडू शकत नाही.

‘व्हँकोमायसिन पेनिसिलीनसारखंच काम करतं’ हेही चूक. पेनिसिलीन गवंड्याचा हात धरतं, तर व्हँकोमायसिन विटेवरच बसतं, म्हणजे त्या दोन डी-अ‍ॅलानिनवर. म्हणून त्याला चकवणारे एन्टेरोकॉकस जीवाणू वीटच बदलतात. शेवटच्या डी-अ‍ॅलानिनच्या जागी डी-लॅक्टेट येतं, एक हायड्रोजन बंध कमी होतो आणि व्हँकोमायसिनची पकड सुमारे हजारपट सैल पडते.