जुनी संगीत नाटकं वाचताना ओळ अडते ती कुठे

बी.ए. किंवा एम.ए.ला अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’, गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’, राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ अभ्यासाला लागलं की पहिली धाव शब्दकोशाकडे जाते, आणि तिथेच वेळ फुकट जातो. ओळ अडली की आधी पाहायचं, ती कशामुळे अडली: जुन्या शुद्धलेखनामुळे, पद्यातल्या शब्दक्रमामुळे, वाक्याच्या लांबीमुळे, की त्या काळची एखादी रीत ठाऊक नसल्यामुळे. कोश खरोखर लागतो तो यातल्या थोड्याच ठिकाणी.

शुद्धलेखनाचं आधी उरकून घ्या. 1962 च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या आवृत्तीत ‘मीं’, ‘तें’, ‘घरांत’ असं छापलेलं असतं आणि ही टिंबं विद्यार्थी सर्रास नजरेआड करतात. पण त्यांतच व्याकरण असतं. ‘ते आले’ म्हणजे पुरुष, अनेक किंवा आदरार्थी एक. ‘तें आलें’ म्हणजे मूल, पत्र असं काही नपुंसकलिंगी एकवचन. ‘तीं आलीं’ म्हणजे त्याचंच अनेकवचन. लांब वाक्यात सर्वनाम कोणत्या नामाकडे बोट दाखवतंय, हे कित्येकदा त्या एका टिंबावरून ठरतं. म्हणून शक्य असेल तर जुन्या छपाईची प्रत जवळ ठेवा.

सर्वांत जास्त मेहनत पदांवर घ्यावी लागते. ‘सौभद्रा’तलं सुभद्रेचं पद घ्या: ‘वद जाऊं कुणाला शरण, करील जो हरण संकटाचे’. यात अवघड शब्द जवळजवळ नाहीच, तरी पहिल्या वाचनात अर्थ निसटतो. अशा वेळी आधी क्रियापदं शोधा: वद, जाऊं, करील. मग प्रत्येकाचा कर्ता विचारा. करील कोण? ‘जो’. जाऊं कोण? ‘मी’, जो ओळीत नाही. मग गद्य क्रम कागदावर लिहा: ‘संकटाचे हरण जो करील, (अशा) कुणाला (मी) शरण जाऊ, (ते) वद.’ आपण घातलेले शब्द कंसातच ठेवायचे, म्हणजे कवीचं काय आणि आपलं काय हे वेगळं राहतं. ‘हरण’ इथे दूर करणं या अर्थी आहे. नाटक सुभद्राहरणाचं असल्यामुळे मन नको तिकडे जातं. आणि क्रम का मोडला, तेही लगेच दिसतं: शरण, हरण, पुढे चरण. यमकासाठी शब्द जागा सोडतात.

‘शारदे’तली एक ओळ याहून जड वाटते: ‘जठरानल शमवाया नीचा, कां न भक्षिसी गोमय ताजे’. ‘जठरानल’ कोशात शोधण्याआधी फोडून पाहा, कारण तो संधी आहे. जठर अधिक अनल, म्हणजे पोटातला अग्नी, भूक. (अनल म्हणजे अग्नी आणि अनिल म्हणजे वारा; परीक्षेत या दोहोंची गल्लत फार होते.) ‘शमवाया’ म्हणजे शमवण्यासाठी, ‘नीचा’ हे संबोधन, ‘भक्षिसी’ म्हणजे तू खातोस, गोमय म्हणजे शेण. ‘अरे नीचा, भूक भागवायला ताजं शेण का खात नाहीस?’ संस्कृत शब्दांच्या आडून एवढी रोखठोक शिवी आहे.

ओळींतली पुष्कळशी रूपं थोडक्याच प्रत्ययांची असतात. -सी (करिसी, म्हणजे करतोस), -आया (पाहाया, म्हणजे पाहायला), -उनी किंवा -उनि (सरुनि, म्हणजे सरून), मज-तुज, -वरी (मजवरी, म्हणजे माझ्यावर). ‘नच सुंदरि करुं कोपा’मधलं ‘नच करुं’ म्हणजे करू नको. हे सगळं वहीच्या एका पानात मावतं. ते पान पाठच करा. ऱ्हस्व-दीर्घ मात्रांसाठी बदललेलं असतं. साकी या वृत्ताच्या ओळीत सोळा आणि बारा मात्रा, दिंडी या वृत्तात नऊ आणि दहा. त्यामुळे उत्तरपत्रिकेत पद उतरवताना ते ‘सुधारू’ नका. पदाच्या वर ‘चाल’ म्हणून छापलेले शब्द दुसऱ्या गाण्याचे असतात, त्यांचा अर्थाशी संबंध नाही. रेकॉर्ड जरूर ऐका, पण गद्य क्रम लावून झाल्यावर. गायक तानेसाठी शब्द मध्येच तोडतो आणि अर्धी ओळ पुन्हा पुन्हा घेतो.

गडकऱ्यांचं गद्य हा वेगळाच प्रांत. ‘एकच प्याला’त सुधाकरचं, म्हणजे दारूच्या आहारी गेलेल्या वकील नायकाचं, एक वाक्य कधी कधी अख्खा परिच्छेद व्यापतं. तिथे प्रत्येक उपवाक्य नव्या ओळीवर लिहून काढा. बहुतेकदा एकच गोष्ट चार प्रतिमांतून सांगितलेली असते आणि मुख्य विधान अगदी शेवटी येतं. ते आधी वाचलं की वरचं सगळं उलगडतं. त्याचा दारूबाज सोबती तळीराम याच्या बोलण्याची गंमत त्याच्या युक्तिवादात आहे, तेव्हा तो कोणत्या चुकीच्या गृहीतावरून निघाला ते पानाच्या कडेला लिहून ठेवा. सुधाकरची बायको सिंधू हिचं बोलणं मात्र साधं आहे, आणि हा फरक गडकऱ्यांनी जाणून ठेवलेला आहे. ‘एकच प्याला’तली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, त्यांवरून गडकऱ्यांच्या शैलीवर लिहिलं तर उत्तर चुकतं.

कोशांत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. संस्कृत समासांना (जोडशब्दांना) आपट्यांचा संस्कृत कोश. पण ‘सगोत्र’ (एकाच गोत्राचे), ‘बिजवर’ (पुन्हा लग्नाला उभा राहिलेला वर), ‘सनद’, ‘त्रिदंडी संन्यासी’ (तीन दंड धारण करणारा) यांचा नुसता अर्थ पुरत नाही. सगोत्र विवाह निषिद्ध होता हे माहीत नसेल तर ‘शारदे’तलं लग्न का मोडतं ते कळणार नाही. सनद म्हणजे वकिलीचा परवाना, हे माहीत नसेल तर सुधाकरवर कोसळलेलं संकट किती मोठं आहे ते कळत नाही. असे शब्द शिक्षकांना किंवा घरातल्या जुन्या माणसांना विचारा.

एका बैठकीला एकच प्रवेश घ्या. पहिलं वाचन न थांबता, फक्त पेन्सिलीने खुणा करत. दुसऱ्यात गाठी सोडवायच्या, तिसरं मोठ्याने. गाईडमधला सारांश आधी वाचू नका. तो वाचला की संवाद समजल्यासारखे वाटतात आणि संदर्भासहित स्पष्टीकरणात कोण, कोणाला, केव्हा बोललं, इथेच हात थांबतो.

सुरुवात ‘शारदे’पासून करा. देवलांचं गद्य बोलीला सर्वांत जवळचं आहे. मग ‘सौभद्र’, मग ‘एकच प्याला’. गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं ‘राजसंन्यास’ या तिन्हींनंतरच हातात घ्या. त्यातली भाषा सगळ्यांत अलंकारिक आहे.